तुम्ही विचारलंत म्हणून: घरी आल्यावर हायसं वाटलं असेल ना?

मी 19 वर्षांची असताना साडेतीन महिने मानसिक आजारासाठी निवासी उपचार केंद्रात होते. हे कळलं की पुढचा प्रश्न हमखास हाच येतो. परवा एका बाईंनी फोनवर विचारलं. त्यांचा मुलगा पुढच्या आठवड्यात घरी येतोय. तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितेय.

हायसं वाटलं, पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी पलंगावर बसले होते आणि पुढे काय करायचं तेच सुचेना. केंद्रात उठणं, गोळ्या, गटचर्चा, फेरी, झोप, सगळं आखलेलं असायचं. त्या आखीव दिवसानेच मला धरून ठेवलं होतं. घरी तो एकदम सुटला आणि जो तो म्हणायला लागला, ‘आता आराम कर.’ मला आराम नको होता, वेळापत्रक हवं होतं. शेवटी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं, अगदी दात घासण्यापासून.

केंद्रात बाथरूमला आतून कडी नव्हती. घरी पहिल्यांदा कडी लावली, तर दाराखालच्या फटीतून आईच्या पावलांची सावली दिसली. माझी अंघोळ होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मला भयंकर चीड आली. पण तिची भीती खोटी नव्हती, हे आज कळतं. अशा उपचारांनंतर घरी आल्यावरचे पहिले आठवडे, साधारण तीन महिने, आत्महत्येचा धोका फार वाढलेला असतो. म्हणून पहिल्या 7 दिवसांतच डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची भेट व्हायला हवी. ती तारीख घरी येण्याआधीच ठरवून घ्या.

आमची कोंडी समुपदेशक ताईंनी फोडली. एका आठवड्याच्या गोळ्या माझ्याकडे, बाकीच्या आईच्या कपाटात. आईने दाराशी उभं राहायचं नाही. त्याऐवजी रोज रात्री सरळ विचारायचं, ‘आज मरणाचे विचार आले का?’ आणि मी खरं सांगायचं. पहिल्या रात्री तिचा आवाज कापत होता. अशा विचारण्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही. उलट मनातलं बोलायला वाट मिळते, मला तरी मिळाली.

मित्रमैत्रिणींचं काय, असंही त्या बाईंनी विचारलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या काही जणांना पाच वर्षं छोटी पत्रं पाठवली. फक्त विचारपूस, कसलीच मागणी नाही. पहिल्या दोन वर्षांत, पत्रं न मिळालेल्यांपेक्षा या लोकांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. हे मी फार नंतर वाचलं आणि लगेच माझी एक मैत्रीण आठवली. बाकीचे ‘कॉलेजला कधी येणार?’ विचारत असताना ती दर दोन-चार दिवसांनी एक ओळ पाठवायची: ‘आज पाऊस थांबला. उत्तर नको.’

तिच्या चौदाव्या निरोपाला मी उत्तर दिलं: ‘इथे अजून पडतोय.’