सॉयर राहिला, युअर्स गेला

10 जानेवारी 2025 ची रात्र, ओहायोतल्या कोलंबसच्या आमच्या घरात सगळे उभेच, सोफ्यावर बसायला कोणी तयार नाही. तिकडे टेक्ससमध्ये आर्लिंग्टनला कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलची सेमीफायनल, ओहायो स्टेट 21, टेक्सस 14, शेवटची दोनेक मिनिटं, टेक्सस आमच्या एंड झोनपासून (जिथे बॉल नेला की गुण मिळतात) आठ यार्डांवर आणि त्यांचा चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, क्विन युअर्स मागे सरला आणि आमच्या जॅक सॉयरने त्याला गाठून हातातला बॉलच उडवला, वर स्वतःच उचलला आणि 83 यार्ड पळत सुटला. 28-14! ओरडून ओरडून माझा घसा बसला.

आणि मग लेक म्हणाला, "आई, हे दोघं रूममेट होते ना गं?"

होते. 2021 ला इथेच, ओहायो स्टेटमध्ये. सॉयर इथल्याच पिकरिंग्टनचा, शहरालगतच गाव आहे. युअर्स टेक्ससचा, हायस्कूलचं शेवटचं वर्ष सोडून लवकर आलेला, मोठं नाव. पण त्याच जागेवर पुढे सी. जे. स्ट्राउड होता, त्यामुळे अख्ख्या सीझनमध्ये युअर्सला मिळाले दोन स्नॅप, म्हणजे दोन खेळी, ते पण दोन्ही वेळा बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या हातात द्यायचा. डिसेंबरमध्ये त्याने पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकलं आणि घरी टेक्ससला गेला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा लोक त्याला गद्दार म्हणत होते, आणि मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. अठरा वर्षांचा पोरगा, घरापासून लांब, खेळायला मिळत नाही, तो जाणारच की! आणि नेमकं त्याच्या आधीच्या आठवड्यात कोच लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला आणि कोच ब्रायन केली नोत्र दाम सोडून एलएसयूला, असे दुसऱ्या कॉलेजांना गेले होते, त्यांना कोणी एक वर्ष बाहेर बसवलं का? कॉलेज बदललं की मुलांना मात्र बसवायचे. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये पोर्टल आलं त्याच्या आधी तर दुसऱ्या कॉलेजशी बोलायलासुद्धा आपल्याच कॉलेजची परवानगी लागायची. 2021 ला एकदा न बसता बदलायची सूट मिळाली, ती मला अगदी योग्य वाटते.

माझी काळजी वेगळी आहे. 2024 पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला, आणि त्यात एनआयएलचे, म्हणजे खेळाडूला स्वतःच्या नावावर मिळणारे, पैसे आले, त्यामुळे थांबणं ही गोष्टच महाग झालीये. सॉयर पहिली दोन वर्षं स्टार्टर नव्हता. फाइव्ह-स्टार, म्हणजे सगळ्यात वरचं रेटिंग घेऊन आलेला मुलगा डिफेन्सिव्ह लाइनचे कोच लॅरी जॉन्सनच्या हाताखाली हातांचं काम, पायांचं काम शिकत राहिला आणि 2023 ला स्टार्टर झाला. लाइनवरच्या मुलांचं असंच असतं, वजन वाढवायचं, ताकद यायची, मग तंत्र, याला दोन-तीन वर्षं जातातच. आज तसाच मुलगा दुसऱ्या वर्षी बाहेर पडला तर नवा कोच, नवी सिस्टीम, परत पहिल्यापासून. कोचलाही तेच, ज्याला घडवायला तीन वर्षं लागणार तो हायस्कूलचा पोरगा कशाला घ्यायचा, तयार बावीस वर्षांचा पोर्टलमध्ये मिळतोय ना. आणि ज्यांना पोर्टलमध्ये कोणीच घेत नाही त्यांचं फार वाईट होतं, कारण एकदा नाव टाकलं की आधीच्या कॉलेजला स्कॉलरशिप चालू ठेवायचं बंधन नसतं. ही नावं टीव्हीवर कोणी घेत नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता पोर्टलमध्ये नाव टाकायची वसंतातली विंडो (मुदत) बंद करून जानेवारीतले पंधरा दिवस तेवढे ठेवलेत, ते बरं झालं, निदान स्प्रिंग प्रॅक्टिसनंतर टीम फुटत नाही.

पण पोर्टलशिवाय आम्ही जिंकलो नसतो हेही तेवढंच खरं आहे. 2023 ला मिशिगनकडून हरल्यावर आमचा क्वार्टरबॅक काइल मॅकॉर्ड सिराक्यूजला गेला आणि तिकडे 4,779 यार्ड टाकून फुलला. त्याच्या जागी कॅन्सस स्टेटहून विल हॉवर्ड आला, अलाबामाहून केलब डाउन्स, ओल मिसहून क्विनशॉन जडकिन्स. आणि सॉयर, हेंडरसन, एग्बुका, टुइमोलोआऊ हे जुने, एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, जाऊ शकले असते ते आणखी एक वर्ष राहिले, कारण मिशिगनला हरवलं नव्हतं आणि ट्रॉफी नव्हती. 2024 लाही मिशिगनने 13-10 ने परत हरवलं, तेही आमच्याच स्टेडियममध्ये, त्या दिवशी घरात कोणी नीट जेवलं पण नाही. तरी 20 जानेवारीला फायनलमध्ये नोत्र दामला 34-23 हरवून ट्रॉफी आणली. तिकडचा क्वार्टरबॅक रायली लेनर्ड, तो पण ड्यूकहून आलेला.

2025 च्या एप्रिलमध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, जिथे टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात, युअर्स सातव्या राउंडला मायामीला गेला. चार वर्षं इथे राहिलेला सॉयर चौथ्या राउंडला पिट्सबर्गला, आणि एकच वर्ष इथे खेळलेला हॉवर्ड सहाव्या राउंडला, तो पण पिट्सबर्गलाच. लेकाला दोघांच्या जर्सी हव्या होत्या, आधी सॉयरची घेतलीये.