आमची वाटचाल : मागांच्या शेडमधील मातीकाम

सोलापूरच्या पूर्व भागात ज्या शेडमध्ये आज आमचा मातीकामाचा स्टुडिओ आहे, तेथे पूर्वी माझ्या सासऱ्यांचे यंत्रमाग चालत आणि चादरी विणल्या जात. धंदा मंदावला तसे माग एकेक करून भंगारात गेले. रिकामी शेड गोदामासाठी भाड्याने द्यावी, असा घरच्यांचा विचार होता. परंतु भट्टीला लागणारी थ्री-फेज वीज आणि कितीही भार पेलणारी काँक्रीटची जमीन तेथे आयतीच असल्याने मी ती मागून घेतली.

वीज होती, पण यंत्रमागाच्या वर्गवारीतील. वापर बदलल्यामुळे वर्गवारी बदलून मंजूर भारही वाढवून घ्यावा लागला. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हे काम भट्टी मागवण्यापूर्वीच उरकावे.

खरे कष्ट पडले ते तुसाचे. छताच्या कैच्यांवर वर्षानुवर्षे साचलेला कापसाचा तूस ओल्या झिलईवर, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपावर पडला, तर भाजताना जळून जातो आणि त्या जागी बारीक छिद्र राहते. म्हणून पत्र्यापासून जमिनीपर्यंत सगळी शेड धुऊन काढली. जमिनीत रुतलेले मागांचे बोल्ट मात्र कापले नाहीत. त्यांवरच चाकांच्या चौकटी आणि माती मळण्याची टेबले आवळून बसवली.

आपली काळी माती ज्वारीला उत्तम, पण ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते, त्यामुळे भांड्यांना ती चालत नाही. कुंभार वेशीतील एका बुजुर्ग कारागिरांनी तळ्याचा गाळ चाळून मुरवायला शिकवले. त्याच्या पणत्या आणि सुगडी आम्ही साधारण 950 अंशांवर भाजतो. कप-बश्यांची स्टोनवेअर माती गुजरातेतून येते. ती 1200 अंशांच्या पुढे पक्की होते आणि तोवर दहा-बारा टक्के आटते, त्यामुळे चाकावरचा चहाचा कप पाहून नवे विद्यार्थी हमखास म्हणतात, एवढा मोठा कशाला?

सर्वांत जास्त सतावतो तो येथील उन्हाळा. पारा 40 अंशांपलीकडे गेला की कपाची कड भराभर सुकते, बूड ओलेच राहते आणि कानाच्या जोडावर तडा जातो. त्यावर उपाय घरातच सापडला: याच शेडमध्ये विणलेल्या, विक्रीवाचून राहिलेल्या चादरी ओल्या करून आम्ही मांडण्यांभोवती लावतो. जाड सुती वीण पाणी बराच वेळ धरून ठेवते.

नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने हात धुतलेले पाणीही टाक्यांत निवळून पुन्हा वापरले जाते आणि तळाची माती परत मळली जाते. सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने झाडू बंद, फक्त ओले पुसणे. पूर्वी कांड्या भरणाऱ्या दोघी बाई आज कपांना कान जोडतात. धाग्याला सरावलेल्या त्यांच्या बोटांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मान्य करायला हवे.

सिद्धेश्वर यात्रेत कुंभारकन्येशी सिद्धेश्वरांच्या योगदंडाचा (काठीचा) प्रतीकात्मक विवाह लावणाऱ्या या गावात संक्रांतीला सुगडींची मागणी कधी कमी पडत नाही, पण त्यांत फारसे सुटत नाही. स्टुडिओचा खर्च निघतो तो कप-बश्यांवर आणि शनिवार-रविवारच्या वर्गांवर. म्हणून पुढची गुंतवणूक आम्ही दुसऱ्या भट्टीऐवजी आणखी चाकांत करणार आहोत.