पांढरं आभाळ आणि चुन्याची भिंत : टेक्श्चरच्या कामाची नोंद

पावसाळ्यातलं पांढरं आभाळ आता मला नकोसं वाटत नाही. टेक्श्चरचं काम, म्हणजे भिंती, पत्रा अशा पृष्ठभागांचे फोटो संगणकावर दुसऱ्या फोटोवर अर्धवट पारदर्शक चढवून त्याला चित्राचं रूप देणं, हाती घेतल्यापासून माझ्यात झालेला हा सगळ्यात मोठा बदल. जून ते सप्टेंबर गोव्यात कितीतरी दिवस आभाळ सपाट, करडं असतं आणि फोटोत त्याचा नुसता कोरा पट्टा येतो. पूर्वी मी तो कापून टाकायचे. आता मुद्दाम जास्त ठेवते, कारण टेक्श्चर बसायला तीच सगळ्यात चांगली जागा. गर्दी तिथे नकोच. माडांच्या झावळ्यांवर टेक्श्चर चढवून पाहा, सगळा चिवडा होतो: झावळ्यांची बारीक रेघ आणि भिंतीचा कण (तिचा बारीक खरखरीतपणा) एकमेकांशी भांडत राहतात. म्हणून अशा फोटोत मी आधी झाडांचा बारकावा मीडियन ब्लरने (धूसर करणाऱ्या एका फिल्टरने) थोडा मारते, आकार आणि छटा शिल्लक ठेवते आणि मगच पुढचा लेयर, म्हणजे वरचा थर, उघडते.

तयार टेक्श्चरं उतरवून घेणं मी जवळजवळ थांबवलं आहे. कुठल्यातरी दूरच्या शहरातला पिवळट गिलावा गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या खाजनावर (बांध घातलेल्या खाऱ्या, सखल शेतजमिनीवर) चढवला की चित्र परकं दिसतं; का ते लगेच सांगता येत नाही, पण डोळ्याला कळतं. आपल्याकडे काय कमी आहे? जांभ्याचे चिरे, चुन्याचे हातावर हात बसून पोपडे सुटलेल्या भिंती, गंजका पत्रा, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांचा उडालेला रंग. हे सगळं त्याच पावसात भिजलेलं आणि त्याच उन्हात वाळलेलं असतं, त्यामुळे इथल्या फोटोशी त्याचं जमतं.

टेक्श्चर टिपताना कॅमेरा भिंतीला अगदी समांतर, ॲपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/८, ट्रायपॉडवर. एकाच भिंतीचे मी दोन संच ठेवते. ढगाळ उजेडातला संच डाग आणि रंगासाठी; सकाळच्या तिरप्या उन्हातला कणासाठी, कारण तेव्हा प्रत्येक खळगा सावली टाकतो. दुसरा संच वापरताना उजेडाची दिशा जुळवावीच लागते. फोटोत ऊन डावीकडून आणि भिंतीवर उजवीकडून असेल तर भिंत आडवी उलटी करून घ्यायची. एका क्लिकचं काम, पण चित्र तिथेच सावरतं.

जांभा मोठा कठीण. त्याची भोकं खोल आणि काळी असल्यामुळे मूळ आकारात लावला तर आभाळाला देवीचे वण उठल्यासारखे दिसतात. मी तो निम्म्याहून लहान करते, वर थोडा गॉसियन ब्लर (सगळीकडे सारखी धूसरता) देते आणि शक्यतो फक्त जमिनीवर ठेवते. चुन्याची भिंत मात्र फार समजूतदार. कुंचा ज्या दिशेने फिरला त्या रेघा अजून दिसत असतात, आणि चित्राचा भास मुख्यतः त्या रेघांमुळेच होतो. पाऊस तिरका पडत असेल तर भिंतही तेवढीच तिरकी फिरवायची.

आता ब्लेंड मोडचं, म्हणजे वरचा लेयर खालच्या फोटोत कसा मिसळायचा त्या पद्धतींचं, गणित, कारण ते समजल्यावर माझे अंदाज कमी झाले. मल्टिप्लायमध्ये पांढरं तेवढं निरुपद्रवी, बाकी सगळं फोटोला काळवंडतं. साध्या ० (काळा) ते २५५ (पांढरा) च्या हिशेबात फोटोतला २०० चा ठिपका आणि टेक्श्चरचा १२८ चा ठिपका मिळून जेमतेम १०० उरतो. म्हणून मल्टिप्लायसाठी टेक्श्चर आधी लेव्हल्समध्ये (उजळ-गडद बदलण्याच्या साधनात) चांगलं उजळून घ्यावं. ओव्हरले आणि सॉफ्ट लाइट या दुसऱ्या दोन मोडमध्ये मधला करडा, म्हणजे १२८, काहीच करत नाही. त्याहून फिकं असेल ते उजळतं, गडद असेल ते दाबतं. तेव्हा टेक्श्चरची सरासरी १२८ च्या जवळ आणली की फोटोचं एक्स्पोजर जागेवर राहतं आणि फक्त कण उतरतो. हाय पास फिल्टर हे काम आयतं करतो: मोठे डाग आणि उजेडाचा चढउतार काढून टाकतो, बारकावा ठेवतो.

गिंप हे फोटो-संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २.८ आवृत्तीपर्यंतचा ओव्हरले प्रत्यक्षात सॉफ्ट लाइटसारखाच चालायचा. खरा ओव्हरले २०१८ मध्ये २.१० बरोबर आला. त्यामुळे जुन्या पाठांतली ओपॅसिटी (लेयर किती ठळक दिसावा त्याचे टक्के) जशीच्या तशी घेतली तर परिणाम भडक येतो. ओव्हरलेऐवजी सॉफ्ट लाइट घ्या, जुनं वळण परत मिळतं.

सध्या ज्या फोटोवर आहे तो जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीतला. कठड्याशी छत्री धरून उभी असलेली एक बाई, पाठमोरी. मागे मांडवी आणि तेच पांढरं आभाळ. चुन्याची भिंत सॉफ्ट लाइटमध्ये ३५ टक्के. पाण्यावर तीच भिंत आडवी फिरवून २० टक्के. गंजक्या पत्र्याचा उजळलेला लेयर मल्टिप्लायमध्ये १५ टक्के, तोही कोपऱ्यांपुरता. सगळा वेळ गेला तो बाईवर. मास्कने (लेयरचा हवा तेवढाच भाग दाखवणाऱ्या पडद्याने) तिच्यावरून टेक्श्चर पुसलं की ती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी वेगळी पडते, कारण कणाबरोबर भिंतीचा रंगही जातो. यावर सापडलेला उपाय मला फार आवडला आहे. टेक्श्चरच्या लेयरची प्रत काढायची, तिला इतका गॉसियन ब्लर द्यायचा की फक्त रंगाचा ढग उरेल, मोड आणि ओपॅसिटी तीच ठेवायची आणि मास्क उलटा करून ती प्रत फक्त बाईवर दाखवायची. कण गेला, छटा राहिली. शिवाय छत्रीच्या एका कडेवर मी टेक्श्चर थोडं चढू दिलं आहे. तिथून ती आभाळात मिसळते, आणि पूर्ण फोटोत मला ती कड सगळ्यात जास्त चित्रासारखी वाटते.

फोटोला चित्राचं रूप देण्याची हौस संगणकाआधीची आहे. १८९० च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार रोबेर दमाशी पॅरिसमध्ये गम बायक्रोमेटचे प्रिंट करत होता: डिंक, जलरंगाची पूड आणि बायक्रोमेट कागदावर लावायचं, निगेटिव्हखाली उजेड द्यायचा, पाण्यात धुवायचं, हवं तिथे ब्रशने काढायचं, आणि वाटलं तर पुन्हा थर द्यायचा. आपला मास्क तेच करतो. पण मला जास्त शिकायला मिळालं ते आपल्या आंजेलो द फोन्सेकांकडून. गोव्यातल्या सांतइस्तेव्हचा हा चित्रकार (१९०२–१९६७) शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकला. बंगालच्या वॉश पद्धतीत पातळ रंग देऊन कागद पाण्याने भिजवतात आणि पुन्हा पातळ रंग देतात. कडा विरघळतात, रंग मात्र आतून येतो. फोन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे. ही पद्धत समजल्यापासून ६० टक्क्यांचा एक लेयर मी देतच नाही. शक्यतो १५–२० टक्क्यांचे तीन-चार देते, दोन लेयरमध्ये थांबून फोटो लहान करून बघते. लहान आकारात विषय ओळखू येत नसेल तर शेवटचा लेयर काढते.

प्रिंटचं थोडक्यात. ए४ ला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. टेक्श्चर त्याहून लहान असेल तर ताणलं जाऊन कण मेणचट होतो. मॅट कागदच घ्यावा. चकचकीत कागदावर कागदाची चमक आणि भिंतीचा कण दोन्ही एकदम दिसतात, ते मला पटत नाही.

पुढचं काम जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्यांचं. आतून टिपल्या तर लाकडी चौकटी काळ्या आणि शिंपल्यांचे तुकडे दुधाळ, उजळ येतात. स्क्रीन मोडमध्ये (मल्टिप्लायच्या उलट, उजळणाऱ्या मोडमध्ये) काळं निरुपद्रवी असतं, म्हणजे चौकटी आपोआप नाहीशा होऊन फक्त शिंपल्यांचा उजेड फोटोवर उतरायला हवा. पहिली चाचणी अंधाऱ्या माजघराच्या फोटोवर करणार आहे. कोणी असा प्रयोग केला असेल तर ओपॅसिटी किती ठेवली ते जरूर कळवा.