पॅकर 'वेटिंग फॉर एसएसएच'वर अडकलाय? आधी स्क्रीन बघा

पॅकर या टूलने व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) इमेज बनवताना सगळ्यात डोकं खाणारी ओळ म्हणजे 'वेटिंग फॉर एसएसएच टू बिकम अव्हेलेबल' (एसएसएच म्हणजे दुरून मशीनमधे लॉगिन करायची सोय, पॅकर त्यातूनच आत शिरतो), आणि ती दिसली रे दिसली की लोक एसएसएचचा युजर बदल, पासवर्ड बदल, पोर्ट बदल असं सुरू करतात. एसएसएच टाइमआउट डीफॉल्टला 5 मिनिटं असतो, पूर्ण ओएस इन्स्टॉल व्हायला तेवढा वेळ बऱ्याचदा पुरत नाही, तो वाढवून टाका. पण बहुतेक वेळा गाडी एसएसएचपर्यंत पोचलेलीच नसते, इन्स्टॉलर 'भाषा निवडा' म्हणत आरामात बसलेला असतो.

म्हणून हेडलेस (विंडो न दाखवता व्हीएम चालवायचं सेटिंग) फॉल्स करा आणि व्हीएमच्या विंडोत काय चाललंय ते बघा. बूट कमांड म्हणजे पॅकर व्हीएममधे नुसती टाइप करतो ती बटणं, त्याआधी थांबायचा वेळ म्हणजे बूट वेट, तो डीफॉल्टला 10 सेकंद, मेनू त्याच्या आधी निघून गेला किंवा अजून आलाच नसला तर सगळं टायपिंग हवेत जातं. पॅकर व्हॅलिडेट ही तपासणीची कमांड इथे काही बोलणार नाही, त्याच्या दृष्टीने ती एक स्ट्रिंग आहे, बास. टायपिंग बरोबर होऊनही इन्स्टॉलरला कॉन्फिग फाइल (त्याच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं) मिळत नसेल तर होस्टचा, म्हणजे तुमच्या मशीनचा, फायरवॉल बघा, ती फाइल देणारा पॅकरचा छोटा एचटीटीपी सर्व्हर 8000 ते 9000 मधला कुठलाही पोर्ट घेतो. मी तर किमान आणि कमाल पोर्ट सरळ एकच देते आणि तेवढाच उघडते.

उबुंटू सर्व्हर 20.04 पासून पुढचा असेल तर अजून मजा आहे. लाइव्ह इन्स्टॉलरला जुनी प्रीसीड प्रकारची कॉन्फिग फाइल चालत नाही, युजर-डेटा नावाची लागते, तिची पहिली ओळ हॅश लावून क्लाउड-कॉन्फिग हवी, आणि मेटा-डेटा नावाची फाइल रिकामी का होईना पण ठेवावीच लागते. ग्रबच्या (बूट मेनूच्या प्रोग्रॅमच्या) ओळीत, या फाइली कुठून घ्यायच्या ते सांगताना, नोक्लाउड या शब्दानंतरचा सेमीकोलन कोटमधे नसेल तर ग्रब तिथेच कमांड संपली समजतो आणि पुढचा पत्ता गायब!! त्यातून लाइव्ह आयएसओ (इन्स्टॉलरची डिस्क) स्वतःचा एसएसएच चालू करते, पॅकर तिलाच आपलं मशीन समजून पासवर्ड देत राहतो, 10 हँडशेक (जोडणीचे प्रयत्न) संपले की बिल्ड फेल, आणि तिकडे इन्स्टॉल मस्त चालू असतं. युजर-डेटामधल्या अर्ली कमांड्समधे (इन्स्टॉलच्या सुरुवातीला चालतात त्या) एसएसएच सर्व्हिस बंद करा, सुटतं.

आणि बिल्ड चालवताना ऑन-एरर आस्क (चूक झाली की आधी मला विचार) द्याच, नाहीतर फेल झाल्यावर पॅकर व्हीएम पुसून टाकतो, मग बघणार काय.