जांभळी खोली, हिरवी खोली: आमची वाटचाल

आम्ही शेतीच्या उपयोगाच्या बुरश्या वाढवून विकतो. आमच्याकडे नवीन पोरगं कामाला आलं की पहिला नियम सांगते, सकाळी आधी जांभळ्या खोलीत जायचं, तिथलं काम उरकायचं आणि मगच हिरव्या खोलीत, आणि एकदा हिरव्यात गेलास की त्या दिवशी परत जांभळ्यात पाय ठेवायचा नाही. जांभळी म्हणजे पॅसिलोमायसिस, हिरवी म्हणजे ट्रायकोडर्मा, बीजाणूंच्या रंगावरून आम्हीच पाडलेली नावं. पॅसिलो निमॅटोडची (म्हणजे मुळांना लागणाऱ्या, डोळ्याला न दिसणाऱ्या कृमींची) अंडी खाते आणि ट्रायको दुसऱ्या बुरश्या खाते, आता ट्रायकोला काय माहीत की शेजारची बुरशी मालकिणीचीच आहे. ती तीन-चार दिवसात अख्खी प्लेट (लॅबमधली बुरशी वाढवायची बशी) भरून टाकते, पॅसिलोला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे चुकून कपड्यावरून चार बीजाणू जरी गेले तरी ती बॅच गेली समजायचं.

लग्न होऊन सांगोल्यात आले तेव्हा मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून एका डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी करत होते, शेतीशी तसा काही संबंध नव्हता. सासरी भगव्याची, म्हणजे भगवा जातीच्या डाळिंबाची बाग. झाडं पिवळी पडायला लागलेली, फळ वजन धरेना, खत वाढवून झालं पाणी वाढवून झालं, दुकानदार सांगेल ते सगळं टाकून झालं, शेवटी अण्णांनी (माझे सासरे) वैतागून एक झाड उपटलं आणि मुळ्या धुवून बघितल्या तर पांढरा जारवा (नवीन बारीक मुळ्या) नाहीच, नुसत्या गाठी. त्यातली एक गाठ मी डेअरीच्या मायक्रोस्कोपखाली घेऊन गेले. आत पांढरी, पेअर फळाच्या (नासपतीच्या) आकाराची, मिलिमीटरभरसुद्धा नसलेली मादी आणि तिच्या मागे चिकट जेलीत अंडीच अंडी. एका मादीची दोनशे ते पाचशे अंडी असतात आणि जमीन गरम असली की महिन्याभरात पुढची पिढी तयार, आणि आमच्याकडे जमीन कधी थंड असते?

तेव्हा सगळे थिमेट टाकायचे नाहीतर कार्बोफ्युरानचे दाणे. थिमेट म्हणजे फोरेट, ते देशात २०२० संपता संपता पूर्ण बंद झालं. या औषधांचा मारा मुख्यतः मातीत फिरणाऱ्या पिल्लांवर, जेलीतली अंडी बऱ्यापैकी सुरक्षित राहतात, मग काही आठवड्यांनी परत तेच. मला त्या मायक्रोस्कोपखालीच वाटलं की मारायचं तर अंड्यातच मारायला पाहिजे, आणि शोधायला लागले तर कळलं हे काम करणारी बुरशी लोकांना कधीच माहिती आहे. पार्विझ जताला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पेरू देशात (फळ नाही, देश) बटाट्याच्या शेतातल्या गाठीच्या निमॅटोडच्या अंड्यांवर ती सापडल्याचं लिहिलंय. ती अंड्यावर पसरते, काही एन्झाइम सोडून कवच मऊ करते, आत शिरते आणि आतला जीव खाऊन टाकते. जागेवर बसलेल्या मादीलाही धरते. फिरणाऱ्या पिल्लाचं मात्र ती फार काही करत नाही आणि मुळाच्या आत घुसून बसलेल्याचं तर नाहीच, हे आम्ही पहिल्यापासून सांगतो, कारण गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी फोन करतं की मॅडम गाठी तशाच आहेत. अहो गाठी तशाच राहणार, त्या जात नसतात, नवीन जी पांढरी मुळी फुटली ती उकरून बघा, ती स्वच्छ आहे का ते सांगा.

सुरुवात मात्र आम्ही पॅसिलोपासून नाही केली, ट्रायकोपासून केली कारण ती कुठेही वाढते. भिजवलेली ज्वारी, प्रेशर कुकर, स्वयंपाकघर. पहिल्यांदा स्वतःच्या बागेपुरती, मग भावकीत, मग भावकीच्या पाहुण्यांना, असं करत करत सासूबाईंनी एक दिवस कुकर परत मागितला तेव्हा ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करायचं यंत्र) घ्यायची वेळ आली असं आम्ही समजलो. ऑटोक्लेव्ह आला, लॅमिनार (गाळलेल्या स्वच्छ हवेचं कपाट) आला, कर्ज आलं. ज्यांना हा धंदा करायचाय त्यांनी एक ध्यानात ठेवा, यात खरा शत्रू बाजारातला नसतो, न्यूरोस्पोरा नावाची नारंगी बुरशी असते. ज्वारी नीट निर्जंतुक झाली नाही, मधेच लाईट गेली, प्रेशर उतरलं की दोन-तीन दिवसात पिशवीच्या तोंडाशी नारंगी पावडर दिसते आणि ती दिसली की पिशवी उघडायची नाही, तशीच परत ऑटोक्लेव्हला टाकायची, कारण उघडली की तिची पावडर हवेतून सगळ्या खोलीभर होते. आमच्याकडे जनरेटर ऑफिसच्या एसीच्या आधी आला (एसी अजून नाहीच).

ट्रायकोबद्दल लोकांना वाटतं ते काहीतरी खत आहे. दुकानात सुद्धा खताच्या रॅकमध्येच ठेवतात. खरं तर ती शिकारी आहे. रिचर्ड वाइंडलिंग नावाच्या माणसानं १९३२ मध्ये अमेरिकेत लिहून ठेवलं की ट्रायकोडर्माचे धागे रायझोक्टोनिया या रोगट बुरशीच्या धाग्याभोवती दोरीला पीळ घालावा तसे गुंडाळतात आणि त्याला खातात. बुरशीची भिंत मुख्यतः कायटिन आणि ग्लुकनची, ट्रायको दोन्ही विरघळवणारे एन्झाइम सोडते, भोक पाडते, आतलं पिऊन घेते. आम्ही शेतकरी मेळाव्यात एका प्लेटमध्ये एका बाजूला मूळकुजीची बुरशी आणि दुसऱ्या बाजूला ट्रायको लावून नेतो, आठवड्याभरात हिरवा रंग दुसऱ्याच्या अंगावर चढलेला असतो, तेवढं बघितलं की भाषण करावं लागत नाही.

त्याच वाइंडलिंगनं पुढे असंही दाखवलं होतं की माती आम्लधर्मी केली की ट्रायकोला जोर येतो. आता आमची सोलापूरची माती बघा, चुनखडीची, पीएच आठच्या वर. म्हणजे नुसतं पाकीट पाण्यात कालवून बुडाला ओतलं तर त्या बिचारीला ना तिच्या आवडीचा पीएच ना खायला काही, कारण आमच्याकडं सेंद्रिय कर्बाची बोंब आहेच. म्हणून शेणखतात मुरवल्याशिवाय वापरू नका असं आम्ही पाकिटावरच छापलंय. चांगलं कुजलेलं शेणखत एक टन, त्यात दोन किलो माल, सावलीत, हाताला ओल लागेल इतपत पाणी, वरून गोणपाट, मधे एकदा-दोनदा खालवर करायचं, पंधरा दिवसांनी ते बुडाला. ट्रायको आणि पॅसिलोचे ढीग वेगळे. निंबोळी पेंड असेल तर अजून चांगलं. हे सांगितलं की अर्धे लोक म्हणतात एवढा खटाटोप कोण करणार, ड्रिपमधून सोडायचं काही सांगा. ड्रिपमधून सोडता येतं की, पण मग रिझल्ट विचारायला मला फोन करू नका.

ट्रायकोचा एक किस्सा सांगायचा राहिला. आमच्या शेडच्या शेजारच्या प्लॉटवर एक जण धिंगरी मशरूमचं युनिट टाकणार होते, जागा बघून गेले, बोलणी झाली. मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं की दादा इथं नका टाकू. मशरूम पण बुरशीच ना. मशरूमवाल्यांच्या भाषेत ट्रायको म्हणजे ग्रीन मोल्ड, रोग. आयर्लंडमध्ये ऐंशीच्या दशकात आणि नंतर कॅनडा-अमेरिकेत बटन मशरूमच्या शेडच्या शेड तिनं धुवून नेल्या, ती जात वेगळी, तिला पुढे ट्रायकोडर्मा अ‍ॅग्रेसिव्हम असंच नाव दिलं, पण आमची तरी काय मशरूम दिसल्यावर हात जोडून उभी राहणार आहे का. त्यांनी दुसरीकडं जागा घेतली, अजून दिवाळीला मशरूम पाठवतात.

निमॅटोड पकडणाऱ्या बुरशीचे व्हिडिओ हल्ली सगळ्यांनी बघितलेले असतात, फास टाकून अळी पकडते तो. मग विचारतात ती का नाही ठेवत तुम्ही? ती आर्थ्रोबॉट्रिस आणि तिच्या घरातल्या इतर. आर्थ्रोबॉट्रिस ऑलिगोस्पोरा चिकट जाळं विणते, काही जाती तीन पेशींची गोल कडी करतात, निमॅटोड आत शिरला की कडी सेकंदाच्या दहाव्या भागात फुगून आवळते. बघायला अफलातून, मी पण तासन् तास बघते. पण ही बुरशी एरवी कुजक्या काडीकचऱ्यावर निवांत जगते आणि जाळं विणते ते मुख्यतः आसपास निमॅटोडचा वास लागला की, म्हणजे शेतात टाकल्यावर ती शिकार करेल की काडीकचरा खात बसेल हे आपल्या हातात नाही. फ्रान्समध्ये १९७०च्या दशकात रॉयल ३०० आणि रॉयल ३५० नावानं असा माल काढला होता, एक मशरूमसाठी आणि एक टोमॅटोसाठी, तो काही सगळीकडं पसरला नाही. अंडं कुठं पळून जात नाही, त्यामुळे अंडी खाणारी बुरशी परवडते, हे माझं धंद्याचं मत.

पॅसिलोचं तंत्रज्ञान आम्ही बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडून फी भरून घेतलं. स्वतः सांगोल्याच्या मातीतून काढलेली एक ट्रायको होती, ती ओळख पटवायला पुण्याला आघारकर संस्थेत पाठवली, तिथं देशभरातल्या बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे हे आपल्या पुणेकरांना पण माहीत नसतं. मग रजिस्ट्रेशन. जैविक असलं तरी कायदा कीटकनाशकांचाच, १९६८ चा, आणि फाईल जाते फरिदाबादला, केंद्राच्या कीटकनाशक नोंदणी कार्यालयात. विषारीपणाच्या चाचण्या, शेतातल्या चाचण्या, साठवणुकीचा डेटा, सगळ्याला पैसे. त्यात अजून एक गंमत, २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी पॅसिलोमायसिस लिलॅसिनसला पर्प्युरिओसिलियम केलं, पण कागदोपत्री अजून जुनंच नाव चालतं. खर्चाला घाबरून बरेच छोटे युनिटवाले रजिस्ट्रेशनच करत नाहीत, पाकिटावर भूसुधारक वगैरे लिहून विकतात. आम्ही हा खर्च केला, त्यात एक प्लॉट गेला, घरात त्यावरून बरंच काही झालं, पण त्या चाचण्यांमुळेच मला कळलं की ही पावडर पण हलक्यात घ्यायची नाही. पॅसिलो क्वचित माणसाच्या डोळ्यात बसते, प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला तर जास्तच धोका, म्हणून पॅकिंगला मास्क आणि चष्मा नसेल तर आमच्याकडं हजेरी लागत नाही.

विक्रीचं म्हणाल तर पहिली काही वर्षं दुकानांमार्फतच केली. माझे दीर मोटरसायकलवर पाच तालुके फिरायचे. अडचण ही की सगळी साखळी मेलेल्या मालासाठी बनवलेली आहे. रासायनिक औषधाची बाटली पत्र्याखाली दोन वर्षं राहिली तरी काही होत नाही, आमचं पाकीट जिवंत. ट्रायकोचं किमान प्रमाण ग्रॅमला वीस लाख सीएफयू (म्हणजे प्लेटवर उगवू शकणारे जिवंत कण), आम्ही भरताना त्याच्या कितीतरी वर भरतो, पण टाल्क पावडरमध्ये मिसळलेली बुरशी साध्या तापमानात तीन-चार महिन्यांनी उतरायला लागते आणि मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तर विचारूच नका. एका दुकानातून परत आलेला माल मी मोजला होता, प्लेटवर जवळजवळ काहीच उगवलं नाही, आणि त्याच लॉटमधली पाकिटं शेतकऱ्यांनी वापरून आम्हाला नावं ठेवलेली. वर उधारी. वर दुकानदार शेतकऱ्याला सांगणार, ट्रायको आणि कार्बेन्डाझिम (रासायनिक बुरशीनाशक) एकत्रच टाका, डबल काम होईल. कार्बेन्डाझिमनं ट्रायको मरते हो, डबल कसलं. डाळिंबात मर रोगासाठी (झाड सुकून मरतं तो) बुरशीनाशकाची आळवणी करतात, म्हणजे द्रावण मुळाशी ओततात, ती करावीच लागते तिथं करा, पण मग आमच्या मालाला पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवा.

दुकानं आम्ही हळूहळू सोडलीच. दीर नाराज होते, कारण त्यांनीच उभी केलेली. त्यात २०२० नंतर पाऊस जास्त झाला, मर आणि पिन होल बोरर (खोडाला बारीक भोकं पाडणारा किडा) दोन्ही आले आणि सांगोल्यात बागाच्या बागा जेसीबीनं काढल्या. आमची जुनी गिऱ्हाइकं अशी एका हंगामात गेली, कोणी ऊस केला कोणी पेरू. पेरूनं आम्हाला वाचवलं म्हणायला पाहिजे, तैवान पिंक या पेरूच्या जातीला निमॅटोड इतका लागतो की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाडं लाल पडायला लागतात. आणि बारकाईनं बघितलं तर रोग शेतात तयारच झालेला नसतो, रोपाच्या पिशवीतून आलेला असतो. लोक शेंडा बघून रोप घेतात, पिशवी फाडून मूळ कोणी बघत नाही. म्हणून आता आमचं निम्म्याहून जास्त काम नर्सरीवाल्यांबरोबर चालतं, पिशवी भरायच्या आधीच माती-खतात पॅसिलो, आणि रोप बाहेर जाताना प्रत्येक लॉटमधली काही रोपं फोडून मुळ्या धुवून बघायच्या. काही नर्सरीवाल्यांनी हे ऐकून आम्हाला दारातूनच परत पाठवलं, ते का ते तुम्हीच समजून घ्या.

बाजारात दोन दिवसात निमॅटोड संपवणारं 'शंभर टक्के जैविक' पण मिळतं. बुरशीला अंडं गाठून आत शिरून खायला वेळ लागतो, दोन दिवसात फरक दिसला तर त्या बाटलीत बुरशी सोडून दुसरंच काहीतरी आहे असं मी समजते. कधी अशी बाटली कोणी आणून दिली तर प्लेटवर लावून बघते, काही उगवत नाही.

आता आम्ही ऑर्डर आल्यावरच माल बनवतो. वाढ, वाळवण, ओलावा आठ टक्क्यांच्या आत आणणं, मोजणी, सगळं धरून तीन आठवडे लागतात, पाकिटावर भरल्याची तारीख आणि त्या बॅचची मोजणी हातानं लिहिलेली असते. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा बहार) धरणाऱ्यांनी एप्रिलमध्येच सांगून ठेवा, कारण मे अखेरीला शेणखत मुरवायला लागायचंय. माल एसटी पार्सलनं येतो, स्टँडवर उन्हात पडू देऊ नका, आणला की माठाशेजारी किंवा घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. फ्रीजमध्ये ठेवला तरी चालेल, घरातल्यांना विचारून.