नंदवाळची वारी आणि संध्याकाळची धार

आषाढीला पंढरपूर गाठणं आबांना, माझ्या वडलांना, कधीच जमलं नाही. कोल्हापुरातून पंढरपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढं. पायी आठ दिवस धरावे लागतात, आणि ते आठ दिवस नेमके भाताच्या रोपलागणीचे नि आडसाली उसाच्या तयारीचे. माघीला जावं तर ऊस तुटायला आलेला. टोळी फडात कधी उतरेल याचा नेम नसतो, आणि ती उतरली की मालकाला बांध सोडता येत नाही. कोयता जमिनीलगत चालतोय का हे बघावं लागतं. वर बुडखा राहिला तर वजन जातं, आणि खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाला, फूटही जमिनीच्या वरून, कमजोर येते.

म्हणून त्यांची वारी नंदवाळची, आमच्या करवीर तालुक्यातल्या प्रतिपंढरपूरची. कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून दिंडीबरोबर निघायचं, बारा किलोमीटरच्या आतबाहेर चालायचं, दर्शन घ्यायचं आणि संध्याकाळच्या धारेला घरी. यंदा ही वाट आबांशिवाय चाललो.

वारी किती लांबची करायची हे म्हैस ठरवायची. सकाळी पाचला धार काढली की दुसरी धार संध्याकाळी पाचला. मधल्या बारा तासांत माणसानं कुठंही जावं. वेळ टळली की कास ताठते, म्हैस पाय झाडते. एकदोनदा असं झालं तर दूध कमी होतंच, वर दगडी, म्हणजे कास सुजून कडक होण्याचा आजार, जडण्याची भीती. एकादशीला आबा पहाटे साडेतीनला उठायचे. शेण काढून, वैरण टाकून, धार उरकून दूध संस्थेत घालायचे, आंघोळ करून बुक्का लावायचे आणि मग तिकटी.

पायातलं काय घालायचं, यावर त्यांचा कटाक्ष असे. कोल्हापुरी चप्पल आमच्या गावची शान खरी, पण आषाढात ती घालून वारीला निघू नये. कातडं पाणी पितं, फुगतं, अंगठा सैल पडतो आणि दोन-तीन किलोमीटरवर कडेची शिवण पायाला घासू लागते. नवं पायताण तर कधीच नाही. निदान महिनाभर शेतात वापरलेली रबरी चप्पल घ्यावी, निघताना बोटांच्या बेचक्यात खोबरेल चोळावं. दिवसभर ओलं राहिलेलं पायाचं कातडं मऊ पडतं, फोड तिथूनच येतो. मोजे घालणाऱ्यांचे हाल जास्त. ओला मोजा टाचेखाली गोळा होतो.

दिंडी जुना वाशी नाका, साने गुरुजी वसाहत करत पुईखडीकडं सरकते. पुढं पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, टाळकऱ्यांच्या रांगा, मधे पखवाज, वीणेकरी. पावसात पखवाजाची फार काळजी. कातडं दमट झालं की ताण उतरतो आणि बोल बसका येतो, म्हणून सर आली की आधी पखवाजावर प्लॅस्टिक, मग माणसाच्या डोक्यावर. उपवासाचं पिशवीत दोन राजगिऱ्याचे लाडू, केळी, मूठभर शेंगदाणे पुरतात. शाबूची खिचडी चढाच्या आधी पोटभर खाऊ नये, पाय जड होतात. पुईखडीचा चढ लांबून किरकोळ दिसतो. टाळ वाजवत, अभंग म्हणत चढताना दम लागतो तो पायांमुळं नव्हे, श्वास म्हणण्यात खर्च होतो म्हणून. आबा चढाला अभंगाचे चरण मागच्या रांगेवर सोडायचे आणि स्वतः फक्त टाळ धरायचे. माथ्यावर रिंगण होतं. अश्व धावून गेला की त्याच्या टापेखालची माती लोक कपाळाला लावतात. आबा तीच चिमूट धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचे, गोठ्याच्या उंबऱ्यावर टाकायला.

पुईखडी उतरून वाशीकडं लागलं की दोन्ही बाजूंना ऊस, आणि इथून पुढं मला आबाच दिसत राहिले. रस्त्याकडेचा फड बघून ते बरंच काही सांगायचे. पानं पिवळी आणि सरीत पाणी तुंबलेलं असेल तर म्हणायचे, खत कमी नाही, वाफसा नाही. मुळांना हवा मिळेना तर युरियाची अख्खी बॅग ओतली तरी पान हिरवं होत नाही.

लागणीचं बेणं ते नऊ ते अकरा महिन्यांच्या बेणेमळ्यातलंच घेत, खोडव्यातलं कधी नाही. दोन डोळ्यांची टिपरी, म्हणजे उसाचे तुकडे, एकरी दहा हजार. 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डॅझिम आणि टिपरी दहा मिनिटं बुडवायची. सरी चार-साडेचार फुटांची. डोळे दोन्ही बाजूंना येतील अशी टिपरी ठेवायची. एक डोळा खाली गेला की त्याचा कोंब मातीतून वळून वर येईपर्यंत मागं पडतो. आमची जमीन काळी, भारी. तिथं पाणी सोडून चिखलात पायानं टिपरी दाबायची ओली लागण आबांना मान्य नव्हती. पाय खोल जातो, टिपरी गाडली जाते आणि कुजते. मग लोक बेण्याला नावं ठेवतात. ते कोरडी लागण करून, माती ओढून मग पाणी द्यायचे.

पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेला वाळका पाला, त्यांनी कधी पेटवलं नाही. शेजारी काडी लावून एका तासात रान मोकळं करत. आबा बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबत, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं संवर्धक टाकत. पहिल्या वर्षी याला काही दिसत नाही, आणि इथंच बहुतेक जण सोडून देतात. तिसऱ्या वर्षी खोरं मारल्यावर गांडुळं निघतात.

उसाचं बिल मात्र घरात फारसं यायचं नाही. सोसायटीचं पीककर्ज त्यातूनच कपात, उरेल ते पुढच्या लागणीला. घर चालायचं ते दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर: किराणा, वह्या-पुस्तकं, आईची औषधं. डेअरीचं खातं त्यांनी आईच्या नावावर काढलं होतं, आणि त्या बिलाला ते विचारल्याशिवाय हात लावत नसत. बहिणीच्या लग्नातही नाही. तेव्हा त्यांनी उभी पाडी विकली. पंचगंगा फुगली की आबा रोज राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारायचे. 39 फूट इशाऱ्याची, 43 धोक्याची. लोक 43 ची वाट बघत. ते 39 ला जनावरं वर हलवायचे, कारण पाण्यात दावं सोडवताना म्हैस बिथरते आणि माणसालाच घेऊन जाते. उसाचं काही हलवता येत नाही. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस तरतो. पोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसला की वाढ थांबते आणि बाजूचे डोळे फुटू लागतात.

नंदवाळात दर्शनाची रांग मोठी असते. आबा मुखदर्शन घेऊन लगेच मागं फिरायचे. घड्याळात दोन वाजलेले असत. मीही तेवढ्यालाच फिरलो.

आमची म्हैस पंढरपुरी, तलवारीसारख्या लांब शिंगांची, पंधरा वर्षं एकाच हाताची. आबा गेल्यावर आठ दिवस तिनं दूध चोरलं. हात परका लागला की पान्हा सुटत नाही. अशा वेळी हात बदलताना बाकी काहीच बदलायचं नाही: तोच खुंटा, तीच बसायची बाजू, तीच बादली, पुढ्यात भिजवलेली पेंड, कासेला कोमट पाणी आणि जुन्या माणसाचा न धुतलेला कपडा. आईनं खुंटीवरचा आबांचा सदरा धुवायला टाकला नव्हता. नंदवाळहून आल्यावर पाय गरम पाण्यात बुडवले, सदरा अंगात घातला आणि पाचला धारेला बसलो. तिनं मान वळवून एकदा हुंगलं, मग पेंडीत तोंड घातलं.