टेकडीच डोक्यावर बसते

सिअ‍ॅटलच्या विमानतळावरून शहराकडे निघालेली लाइट रेल बराच वेळ मोटारींच्या शेजारून रस्त्याच्या मधोमध चालते. माउंट बेकर स्टेशन तर खांबांवर, उंचावर. तिथून गाडी सुटली की लगेच खिडक्यांबाहेर अंधार होतो, आणि पुढच्याच बीकन हिल स्टेशनवर उतरावं तर आपण जमिनीखाली सुमारे १६० फूट! बरं, गाडी कुठे खाली उतरल्याचं जाणवत नाही, कारण ती उतरलेलीच नसते. ती सरळ समोरच्या टेकडीत घुसते आणि टेकडी आपल्या डोक्यावर बसते.

ही टेकडी म्हणजे हिमयुगातल्या बर्फानं मागे टाकलेला पसारा. चिकणमाती, वाळू, गोटे, कशाचा कशाला मेळ नाही. बोगदे ‘एमराल्ड मोल’ नावाच्या यंत्रानं कोरले. स्टेशनची पोकळी मात्र थोडं खणायचं, लगेच काँक्रीट फवारायचं, मग पुढे सरकायचं, अशी बेताबेतानं काढली. २००९ मध्ये गाडी सुरू झाली. जवळच्या फर्स्ट हिलवरही असंच खोल स्टेशन व्हायचं होतं; जमिनीचा धोका आणि खर्च बघून २००५ मध्ये ते रद्द झालं. तिथल्या रहिवाशांची समजूत पुढे ट्राम देऊन काढली. मी तिथे राहत असतो तर माझी निघाली नसती.

बीकन हिलला सरकते जिने नाहीत. पायऱ्या आहेत त्या आणीबाणीपुरत्या. रोजची ये-जा चार लिफ्टमधून. मुंबईच्या रेल्वे पुलांवर वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. जिन्यावर घाईवाला पुढे सटकतो, गुडघेदुखीवाला कठडा धरून थांबतो. इथे सगळे एकाच वेगानं वर. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजी, बाबागाडी, कानात गाणी घातलेला कॉलेजकुमार. कँटनीज, स्पॅनिश, व्हिएतनामी कानावर पडते. मराठी क्वचितच, कारण आपली बरीचशी मंडळी तळ्यापलीकडे, बेलव्ह्यू-रेडमंडला. तरी फोनवर आईशी बोलताना मी आवाज उगाच खाली आणतो.

फलाटापाशी डॅन कॉर्सन या कलाकाराच्या झगमगत्या आकृती टांगल्या आहेत. त्या समुद्रतळातल्या म्हणाव्यात की अंतराळातल्या, हे बघणाऱ्यानं ठरवावं. पाहुण्यांना त्या आवडतात. रोजच्या माणसाचं लक्ष लिफ्टच्या दाराकडे.

वर आलं की शेजारीच ‘एल सेंत्रो दे ला रासा’ या लॅटिनो संस्थेची जुनी शाळेची इमारत. १९७२ मध्ये लॅटिनो मंडळींनी ही बंद पडलेली शाळा ताब्यात घेतली आणि हटून बसून ती मिळवली. अशा मोहल्ल्यातल्या लिफ्टमध्ये शिस्तीचे धडे द्यायला मी कोण? पण सायकलवाल्यांनी शेवटी आत यावं, आधी शिरून आम्हाला भिंतीला चिकटवू नये, एवढं एक मत माझंही ठाम आहे.